गाडी कशी चालवतो, हाही तब्येतीचाच प्रश्न आहे

इथे एरवी आपण मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, पावसाळ्यातला डेंग्यू अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय पाहून काहींना वाटेल, डॉक्टरांनी आपले काम सोडून वाहतूक पोलिसांचे काम हाती घेतले की काय! तसे नाही. हा विषय माझ्याच कामाचा आहे, आणि तो कसा हे सांगण्यासाठीच आज लिहीत आहे.

दवाखान्यात तिशीतली मुले-मुली रिपोर्टची फाइल घेऊन येतात. कोलेस्टेरॉल २१० आले आहे, आता काय करायचे? व्हिटॅमिन डी कमी आहे, इंजेक्शन घेऊ का? प्रश्न रास्त आहेत आणि मी त्यांची उत्तरेही देतो. पण या वयाच्या माणसाला पुढच्या दहा वर्षांत सर्वांत मोठा धोका कशाचा, असे कोणी मला विचारले, तर मी कोलेस्टेरॉलचे नाव घेणार नाही. हेल्मेट आरशाला अडकवून, फोन खांदा आणि कान यांच्यात धरून तो लक्ष्मी चौकातून ज्या पद्धतीने दवाखान्यापर्यंत आला, त्या पद्धतीचे नाव घेईन.

ही अतिशयोक्ती नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण रस्ते अपघात हेच आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले. त्यात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली आणि ४ लाख ४३ हजारांहून अधिक जखमी झाली. एकट्या महाराष्ट्रात गेलेल्यांची संख्या १५ हजारांच्या वर होती. देशाचा हिशेब केला तर दर तासाला १९ मृत्यू होतात. एखाद्या तापाने तासाला १९ माणसे दगावू लागली असती, तर आपण शाळा बंद केल्या असत्या, घरोघर फवारणी केली असती, मला रात्री-अपरात्री फोन केले असते. रस्त्यावरच्या मृत्यूला मात्र आपण "नशीब" म्हणतो आणि दहाव्याला जाऊन येतो.

मारुंजीत नेमके काय बिघडले?

मारुंजी, नेरे, जांबे, माण, कासारसाई ही सगळी पट्टी मूळची शेतीची. शेजारी हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले, मग आमच्याकडे इमारती आल्या, त्यांच्यामागून गाड्या आल्या. रस्ता मात्र त्या वेगाने वाढला नाही. आज त्याच रस्त्यावर आयटीच्या कॅब, स्कूल बस, पाण्याचे टँकर, खडीचे हायवा, सिमेंटचे मिक्सर, जेवण पोहोचवणारी मुले आणि थंडी सुरू झाली की संत तुकाराम कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, सगळे एकत्र असतात. पायी चालणाऱ्याला फुटपाथ नाही. जिथे आहे तिथे गाडी लावलेली असते, नाहीतर दुचाकी चालवलेली असते.

दोष कोणाचा, यावर दवाखान्याच्या बाकड्यावर रोज चर्चा रंगते. गावातले काका म्हणतात, "हे आयटीवाले आले आणि सगळं बिघडलं." सोसायटीतले म्हणतात, "लोकल लोकांना शिस्तच नाही हो डॉक्टर." दोघे मिळून टँकरवाल्याला शिव्या देतात, आणि टँकरवाला रिक्षावाल्यांना. मला यातल्या कोणाचाच पक्ष घेता येत नाही, कारण अपघातानंतर टाके घालताना मी सगळ्यांना पाहतो. हाडे सगळ्यांची सारखीच मोडतात.

नियम पूर्वीही मोडले जात होते. ट्रिपल सीट आम्हीही पाहिले आहे. पण पूर्वी राँग साइडने येणारा माणूस निदान कडेकडेने, थोडा ओशाळून यायचा. आता तो समोरून हेडलाइट मारत, हॉर्न वाजवत येतो आणि बरोबर बाजूने चाललेल्यालाच बाजूला व्हायला सांगतो. पुढच्या कटपर्यंत जाऊन वळायचे म्हणजे आपण बावळट, असे वाटू लागले आहे. माझ्या मते खरी घसरण इथे आहे. चूक करणाऱ्याचा संकोच गेला आणि नियम पाळणाऱ्याला संकोच वाटू लागला. सवयींच्या बाबतीत हे मी तंबाखूच्या उलट दिशेने घडताना पाहतो. दवाखान्यात आज कोणी तोंडात तंबाखूचा बार धरून बसत नाही, बाहेर थुंकून येतो. रस्त्यावर मात्र तेवढीही लाज उरलेली नाही.

अवजड वाहनांबद्दल थोडे सविस्तर सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडी-माण रस्त्यावर एक सिमेंट मिक्सर वळणावर उलटला आणि दुचाकीवरच्या दोन तरुणींचा त्याखाली जीव गेला. अशा बातमीनंतर चालकाला सगळे शिव्या घालतात, आणि त्याची चूक असेल तर शिक्षा व्हायलाच हवी. पण हेही पाहा, की मिक्सरमधला माल ठरावीक वेळात साइटवर ओतावा लागतो, नाहीतर तो घट्ट होऊ लागतो. टँकरचा हिशेब खेपांवर चालतो. जितक्या खेपा, तितके पैसे. "टँकर अजून आला नाही" म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सात वाजता जो आरडाओरडा होतो, त्याचा दाब शेवटी त्या चालकाच्या उजव्या पायावर येतो. जेवण अर्ध्या तासात हवे असलेल्यांनीही यावर थोडा विचार करावा. वेग फक्त चालवणाऱ्याचा नसतो, मागवणाऱ्याचाही असतो.

वेगाचे गणित शरीराला कसे कळते

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे साडेसोळा मीटर पुढे जाते. समोर कुत्रे आडवे आले, डोळ्यांनी पाहिले, मेंदूने ओळखले, पायाला हुकूम गेला, पायाने ब्रेक दाबला. यात एक ते दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच गाडी १६ ते २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यात रस्त्यावर साइटवरून सांडलेली वाळू किंवा पावसाचा पहिला शिडकावा असेल, तर थांबायला आणखी जास्त जागा लागते.

दुसरी गोष्ट. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ४० वरून ६० वर गेलात तर वेग दीडपट आणि ऊर्जा सव्वादोन पट. ही ऊर्जा जाते कुठे? गाडीच्या पत्र्यात, आणि पत्रा नसेल तर तुमच्या मांडीच्या हाडात, प्लीहेत, यकृतात, मेंदूत. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोके आपटून थांबते तेव्हा कवटी आधी थांबते, मेंदू नंतर. तो आतून कवटीवर आदळतो आणि पुन्हा मागच्या बाजूला आदळतो. बाहेर एक ओरखडाही नसताना आत रक्तस्राव असू शकतो, तो यामुळे.

आणि या वेगाने वाचते किती? पाच किलोमीटरचे अंतर ताशी ४० ने साडेसात मिनिटांत होते, ताशी ६० ने पाच मिनिटांत. अडीच मिनिटे. तीही रस्ता मोकळा असेल तर. भूमकर चौकाच्या रांगेत ज्याने तुम्हाला कट मारला, तोच पुढच्या सिग्नलला तुमच्या शेजारी उभा असतो. जागतिक आरोग्य संघटनेचा एक आकडा मला फार आशादायक वाटतो. सरासरी वेग नुसता ५ टक्क्यांनी कमी झाला, तर जीवघेण्या अपघातांत सुमारे ३० टक्के घट होऊ शकते. एवढ्या थोड्या पथ्याने एवढा गुण देणारे औषध माझ्या कपाटात नाही.

हेल्मेट : पुणेकरांचा जुना वाद

१ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा शहरात सक्तीविरुद्ध मोर्चे निघाले. विचारवंत म्हणवून घेणाऱ्या आपल्या शहरात हे घडले, याचे मला आजही वाईट वाटते. विरोधामागची कारणे मला दवाखान्यात रोज ऐकायला मिळतात. त्यांची वैद्यकीय उत्तरे अशी:

"केस गळतात." पुरुषांना पडणारे टक्कल मुख्यतः आनुवंशिकता आणि हार्मोन यांमुळे पडते. हेल्मेटमुळे घाम आणि कोंडा वाढू शकतो. आत सुती रुमाल बांधा, अस्तर धुवा, ओल्या केसांवर हेल्मेट घालू नका.

"मानेचा त्रास होतो." हेल्मेटमुळे मानेच्या इजा वाढतात असे सिद्ध झालेले नाही. मान दुखत असेल तर आधी मोबाइलकडे वाकून किती तास बसता ते मोजा. फार जड किंवा मापाला मोठे हेल्मेट बदलून घ्या.

"गावातल्या गावात तर जायचंय." अपघाताला गावाची वेस कळत नाही. उभ्या गाडीवरून तोल जाऊन डोके सिमेंटच्या रस्त्यावर आपटले तरी कवटीला तडा जाऊ शकतो.

"हेल्मेट घालूनही माणसं मरतातच की." मरतात, पण कमी. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. भारतात २०२२ मध्ये अपघातात गेलेल्यांपैकी ५० हजार २९ जणांनी हेल्मेट घातले नव्हते. त्यात १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. मागे बसलेल्या बायकोच्या डोक्याची किंमत कमी असते का, हा प्रश्न मी अनेक नवरोबांना विचारला आहे. बहुतेक जण हसतात. मी हसत नाही.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे घ्या, पट्टा हनुवटीखाली लावा. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोहोचते. लहान मुलाला पुढे टाकीवर उभे करणे तर कृपा करून आजच थांबवा. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा आणि मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० च्या आत हवा, असा नियम २०२३ पासून लागू आहे.

राग, झोप, दारू आणि गोळ्या

गाडी चालवणे हे हातापायांचे काम वाटते, पण ते मुख्यतः मेंदूचे काम आहे. मेंदू बिघडवणाऱ्या चार गोष्टी रोजच्या आहेत.

राग : कोणी कट मारला की शरीरात अ‍ॅड्रिनलिन सुटते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, नजर एका जागी खिळते. तुम्हाला फक्त तो कट मारणारा दिसतो, डावीकडून येणारी आजी दिसत नाही. ज्यांना रक्तदाब आहे, ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे, त्यांच्यासाठी ही रोजची भांडणे गंमत नाहीत. सकाळी गोळी घेऊन निघायचे आणि शिवाजी चौकात खिडकी खाली करून शिवीगाळ करायची, म्हणजे एका हाताने कमावून दुसऱ्या हाताने उधळण्यासारखे आहे. ज्याला घाई आहे त्याला जाऊ द्या. त्याला साइड दिल्याने तुमची इज्जत कमी होत नाही.

झोप : आमच्या भागात रात्रपाळी करणारे खूप. १९९७ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे थेंबभर न पिता, फक्त जागरणाने तुम्ही त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत गाडी चालवत असता. पोलिसाच्या यंत्रात हे दिसत नाही. डुलकी येऊ लागली की काच उघडणे, गाणी मोठ्याने लावणे याचा उपयोग फार थोडा वेळ होतो. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि वीस मिनिटे झोपा. जे मोठ्याने घोरतात, दिवसा कुठेही पेंगतात, वजन जास्त आहे, त्यांनी स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्यावी. या आजाराच्या रुग्णांत अपघाताचे प्रमाण जास्त आढळते आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

दारू : "दोनच पेग घेतले, मला चढत नाही" हे वाक्य ज्या मेंदूतून येते, त्या मेंदूवरच दारूने आधी परिणाम केलेला असतो. निर्णयशक्ती आधी जाते, झोकांड्या नंतर येतात. कॉफी, लिंबूपाणी, आंघोळ यांनी रक्तातली दारू उतरत नाही. यकृत आपल्या ठरावीक गतीनेच ती काढते. रात्री उशिरापर्यंत भरपूर घेतलेल्याच्या रक्तात ती सकाळीही शिल्लक असू शकते.

औषधे : सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. काही खोकल्याची औषधे, चिंतेवरच्या आणि झोपेच्या गोळ्या, काही वेदनाशामके यांचेही तसेच. दुकानातून परस्पर घेताना "गाडी चालवायची आहे" हे सांगा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब गाडी चालवू नये. तपासून साखर ९० च्या खाली असेल तर आधी खा, मग निघा. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम आला तर तिथेच थांबा.

मोबाइल मी वेगळा मोजतो. गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो. हँड्सफ्री लावल्याने हात मोकळे होतात, मेंदू नाही.

"सही तेवढी करा, डॉक्टर"

वय ४० च्या पुढे असेल किंवा व्यावसायिक वाहनाचे लायसन्स हवे असेल, तर डॉक्टरांचे फॉर्म १-ए हे प्रमाणपत्र लागते. अनेकांना ही निव्वळ सही वाटते. एजंटाने मुलाच्या हाती वडिलांचा फॉर्म पाठवलेला असतो. वडील घरीच. मी फॉर्म परत पाठवतो आणि वडिलांना घेऊन या म्हणतो, तेव्हा लोक नाराज होतात. "तिकडे लगेच मिळतं" असेही ऐकवतात.

मिळत असेल. पण त्या कागदावर डॉक्टर लिहून देतो, की या माणसाला दिसते, ऐकू येते, फिट येत नाही, हातपाय काम करतात. मोतीबिंदू असलेल्याला समोरच्या दिव्याने रात्री काहीच दिसेनासे होते. काचबिंदूत कडेची नजर जाते आणि ते त्या माणसाला कळतही नाही. हे न तपासता दिलेली सही म्हणजे अनोळखी माणसाच्या जिवावर दिलेली सही.

हे म्हणताना आमच्या व्यवसायाची बाजू लपवणार नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका महागड्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांना उडवले. चालवणारा अल्पवयीन होता. त्याला जामीन देताना घातलेली निबंधाची अट देशभर गाजली. पण मला त्याहून जास्त बोचले ते पुढचे. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. प्रकरण न्यायालयात आहे, निकाल न्यायालय देईल. पण असा आरोप होऊ शकतो आणि लोकांना त्याचे आश्चर्यही वाटत नाही, याचा आम्हा डॉक्टरांनी विचार केला पाहिजे. रस्त्यावरची शिस्त फक्त रस्त्यावर ढासळत नाही. ती लायसन्सच्या टेबलावर, प्रमाणपत्राच्या सहीत आणि पावतीऐवजी दिलेल्या चिरीमिरीतही ढासळते.

त्या घटनेनंतर सगळ्यांनी श्रीमंत बापाला नावे ठेवली. पण आपल्याकडे नववीतला मुलगा क्लासला स्कूटरवर जातो, तेव्हा चावी कोण देतो? "आमचा चांगली चालवतो" असे कौतुकही होते. चांगली चालवत असेल. पण धोका तोलण्याचे, स्वतःला आवरण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पूर्ण पक्व होत नाही. हात चालतात, आवर नसतो. आणि कायदा म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने अपघात केल्यास पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

"आधी रस्ते नीट करा!"

हा आक्षेप येणारच, आणि तो खरा आहे. माणूस चुकणार हे गृहीत धरून रस्ता असा बांधला पाहिजे, की चुकीची शिक्षा मृत्यू नसेल. स्वीडनने १९९७ साली हेच धोरण स्वीकारले. नवले पुलाजवळच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड वाहनामुळे अनेक वाहनांना धडक बसली. तिथे वारंवार अपघात होतात, तेव्हा दरवेळी फक्त चालकाला दोष देऊन भागत नाही. आणि सुधारणा करता येते, हेही आपण जवळच पाहिले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली वर्षाला दीडशेच्या आसपास मृत्यू होत होते. धोक्याच्या जागा शोधून कठडे, फलक, देखरेख आणि तातडीची मदत यांवर एकत्र काम झाले आणि पुढच्या चार-पाच वर्षांत ती संख्या निम्म्याहून खाली आली.

म्हणून मारुंजी-हिंजवडीसाठी फुटपाथ, दिवे, पुरेसे कट, खड्डे बुजवणे आणि अवजड वाहनांच्या वेळांची खरी अंमलबजावणी हे मागितलेच पाहिजे. मीही सह्यांच्या निवेदनांवर सही करतो. पण हवा खराब आहे म्हणून कोणी डॉक्टर सिगारेट ओढायला सांगत नाही. रस्ता खराब असेल तर गाडी हळू चालवण्याचे कारण वाढते, राँग साइडने जाण्याचा परवाना मिळत नाही.

अपघात दिसलाच तर

थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. पोलीस तुम्हाला नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. १०८ किंवा ११२ ला फोन करा. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्या. पाणी पाजू नका. हात धरून ओढत उठवू नका, मणक्याला इजा असू शकते. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत नियुक्त रुग्णालयांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळू शकतात, हे लक्षात ठेवा आणि रुग्णालयात विचारा.

आणि "मला काही लागलं नाही" म्हणत उठून घरी गेलेल्या माणसावर पुढचे २४ तास लक्ष ठेवा. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, एका बाजूची कमजोरी यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लक्षण नसतानाही लगेच दाखवा.

माझे प्रिस्क्रिप्शन

१. दुचाकीवर दोघांनाही हेल्मेट, पट्टा लावून. चारचाकीत मागे बसलेल्यांनाही सीटबेल्ट.
२. घरातून दहा मिनिटे आधी निघा. घाईचे मूळ रस्त्यावर नसते, गजरात असते.
३. गाडी सुरू करण्याआधी फोन बॅगेत.
४. कितीही लांबचा वळसा असो, राँग साइड नाही. दूध आणायलाही नाही.
५. जागरण, दारू किंवा गुंगीच्या गोळीनंतर चावी दुसऱ्याकडे.
६. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती चावी नाही.
७. चाळिशीनंतर दरवर्षी डोळे तपासा.
८. सोसायटीने टँकरवाल्याला आणि बिल्डरने मिक्सरवाल्याला वेळेबरोबर वेगाचीही अट घालावी.

नवीन पेशंटचा केसपेपर भरताना मी तंबाखू, दारू, व्यायाम, झोप यांची चौकशी करतो. त्यात हेल्मेट आणि सीटबेल्टचा रकाना मी वाढवला आहे. काहींना तो विचित्र वाटतो. वाटू द्या. पुढच्या वेळी शुगर तपासायला याल तेव्हा तुम्हालाही विचारणार आहे. उत्तर खरे द्या, कारण दवाखान्याबाहेर उभ्या असलेल्या तुमच्या गाडीचा आरसा मला माझ्या खिडकीतून दिसतो.